मोरणीचा कसूर

गाईने तिसऱ्यांदा लाथ झाडली आणि वासरू खाली पसरलेल्या कुटारावर कोलमडून पडलं.

"पहाटेपासून अशीच करून राह्यली," मोनाली म्हणाली. तिच्या हातातला दुधाचा गंज रिकामाच होता. "पाय बांधून पिळली, तरी चीक सोडत नाई. पिलाच्या पोटात थेंब नाई गेला, भाऊ. मरते का आता थे?"

रूपराव गोठ्याच्या दारातच थबकले होते. गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. पण तळेगाव त्यांना डाक्टरच म्हणे. खरे डॉक्टर आज आष्टीच्या शिबिरात होते आणि मोनालीचा नवरा धर्मेंद्र कापूस घेऊन आर्वीला गेला होता, म्हणून ती त्यांच्या दारी आली. नाही म्हणायला तीन कारणं सुचली, तरी ते तिच्यामागून निघाले. या घरासमोरून जायचं ते अठ्ठावीस वर्षं टाळत आले होते.

अंगणात बाजेवर मोनालीची सासू वच्छलाबाई उन्हाला बसली होती. "लय दिसानं रस्ता सापडला, डाक्टर," ती म्हणाली.

"हो," रूपराव म्हणाले.

वासरू धडपडत उठलं. गाईकडे न जाता ते अंगणात उभ्या असलेल्या बैलबंडीखाली शिरलं आणि मान वर करून बंडीच्या लाकडाला ढुशा देऊ लागलं. रूपरावांनी नजर फिरवली. नुकत्याच जन्मलेल्या वासराला आई ठाऊक नसते. डोक्यावर काहीतरी गडद, पोटासारखं असलं की तिथे दूध असणार, एवढंच ते जन्मतः घेऊन येतं. हे त्यांनी नंतर पुस्तकात वाचलं. त्याआधी याच अंगणात, याच बंडीखाली पाहिलं होतं.

ते वासराजवळ वाकले आणि नाकात उग्र वास शिरला.

"याले फिनेलनं पुसलं?"

"मंग! पडल्याबरोबर गाईच्या तोंडापुढून उचललं अन् चांगलं स्वच्छ केलं," मोनाली थोड्या अभिमानानेच म्हणाली. "आमच्या माहेरी सारेच करतात. पयले एक डाक्टर येत जाय म्हणे सायकलवर, त्यानंच शिकवलं."

ती सायकल रूपरावांच्या पडवीत अजून उभी होती.

वरून आलेल्या पत्रकात 'वासराचे नाक-तोंड पुसावे' एवढंच होतं. फिनेलचं पाणी त्यांनी आपल्या मनाने जोडलं होतं. तेव्हा वय तसं होतं, चार बुकं वाचल्याचा तोराही होता. चूक कळल्यावर त्यांनी ते सांगणं बंद केलं. पण चुकलो होतो, हे सांगायला मात्र ते कुठल्याच गावी परत गेले नाहीत.

"जार पडला का गाईचा?"

"पडला ना. खड्ड्यात पुरला."

"उकरून आण. अन् गरम पाणी आण."

"काऊन? अगा माय, घाण!"

"आण तू."

त्यांनी कोमट पाण्याने वासराला दोनदा धुतलं, पोत्याने कोरडं केलं आणि तो चिकट, मातीने माखलेला जार, गाईची वार, त्याच्या पाठीवर, शेपटीखाली, मानेवर चोळू लागले. वरून मीठ भुरभुरलं. मोनालीने पदर नाकाला लावला होता.

"गाय पिलाले डोळ्यानं नाई, नाकानं ओळखते," हात न थांबवता ते म्हणाले. "तिच्या पोटातलं पाणी ज्याच्या अंगावर, थे तिचं. तो वास मेंदूत गेला की मंग माया येते, अन् माया आली की पान्हा सुटते. पण हे दार घडीभरच उघडं राह्यते. उशीर झाला असंन."

वासराला तिच्या पुढ्यात ठेवून ते मागे सरकले. गाय फुरफुरली. मान मागे घेतली. मग पुन्हा पुढे केली, हुंगलं, आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मीठ चाखल्यासारखी एकदा जीभ फिरवली. पुन्हा एकदा. तिच्या घशातून घुमणारा एक हळू हुंकार निघाला.

"चाटली! चाटली वं माय!" मोनाली ओरडली आणि स्वतःच तोंडावर हात दाबून हसू लागली. थोड्या वेळाने वासरू कासेखाली शिरलं. गाईने पाय उचलला नाही.

बाजेवरून आवाज आला, "डाक्टर, इकडं या."

रूपराव माखलेले हात तसेच धरून गेले.

"मंग मोरणीचा कसूर नव्हता?"

मोरणी म्हणजे वच्छलाबाईची तेव्हाची गाय. तिचं वासरू रूपरावांनी स्वतः फिनेलने धुतलं होतं. "तिले चाटू द्या ना," म्हणत ही बाई मध्ये पडली, तेव्हा ते चार माणसांत म्हणाले होते, "बाई, तुमाले घाण अन् माया यातला फरक समजत नाई." वासरू दोन दिवस बंडीखाली ढुशा देत राहिलं आणि तिसऱ्या दिवशी गेलं. त्यांनी कागदावर 'जन्मतः अशक्त' असं लिहिलं.

"नाई," ते म्हणाले. "माह्या हातची चूक होती."

"तुमाले कवा समजलं?"

इथे खोटं बोलता आलं असतं.

"त्याच वर्षी. पोळ्याले."

वच्छलाबाई हिशेब लावत राहिली. "मी तं तिले दिवाईत इकली."

"हो. मी पाह्यलं होतं." दवाखान्यासमोरून ती मोरणीला बाजाराकडे नेत होती. खिडकीत बसलेल्या रूपरावांच्या मांडीवर पुस्तक होतं, आणि त्यांनी पान उलटलं होतं.

"काठी मोडेवरी मारलं मी तिले," वच्छलाबाई म्हणाली. "म्हटलं, अशी कशी माय तू. पिलू मरून राह्यलं अन् पाहत नाई." मग त्यांच्या हातांकडे पाहून, "तुमी शिकलेले होते."

रूपरावांना क्षमा मागायची होती. शब्द जुळवेपर्यंत ती बाजेची कड धरून उठली होती.

मोनालीने त्यांच्यापुढे पाण्याची बादली ठेवली. वच्छलाबाई एकेक पाऊल टाकत गोठ्यात गेली. गाय चाटतच होती. तिच्या पाठीवर, काठी बसते त्या जागी, म्हातारीने हात ठेवला आणि हळूहळू फिरवू लागली.

"मोरणे," ती म्हणाली.

त्या गाईचं नाव पवनी होतं. मोनाली सांगायला निघाली, पण रूपरावांकडे पाहून जागीच थांबली. ते बादलीपाशी बसले होते. हात पाण्यात घालत नव्हते.