दुपट्याचा वास

मित्रांनो, मी एक जुना राखणीचा कुत्रा आहे. जुना म्हणजे नऊ वर्षांचा. तोंडावरचे केस पांढरे झाले, पण नाक अजून शाबूत आहे. नाव भुंग्या. मुक्काम सोलापूर, एका भाड्याच्या घराच्या जिन्याखाली.

माझा जन्म मात्र सांगोल्याकडच्या माळावर, बनाबाईच्या मेंढरांत झाला. मेंढी व्याली की बनाबाई ते ओले कोकरू उचलून आधी माझ्या नाकाशी धरायची. एकदा वास घेतला की ते कोकरू माझे. मग घागर घेऊन पाण्याला निघताना ती म्हणायची, "भुंग्या, बगतोस न्हवं रं?" एवढे ऐकले की मी कोकरांभोवती वेटोळे करून पडायचो. लांडग्याची काय बिशाद होती!

चार वर्षांपूर्वी तिचा मुलगा अजिनाथ टॉवेलच्या कारखान्यात लागला. मेंढरे विकली आणि आम्ही शहरात आलो. इथे राखायला काही नव्हते. मी चपला राखल्या, नळाला पाणी आले की भरलेली पिंपे राखली. सून प्रियंका जीव लावणारी. भाकरीचा पापुद्रा ती माझ्यासाठी काढून ठेवायची.

उन्हाळ्यात प्रियंका माहेरी गेली, आणि दोन महिन्यांनी कुशीत काहीतरी गुंडाळून घेऊन आली. बनाबाईने दारातच भाकरतुकडा ओवाळून रस्त्यावर टाकला. मित्रांनो, रस्त्यावरची भाकरी कुत्र्याने खाऊ नये, असे मला कोणी सांगितले होते का? मी ती खाल्ली आणि शेपूट हलवत सगळ्यांच्या मागून घरात शिरलो.

शेजारच्या वैजयंतीकाकूंनी कपाळाला हात लावला. "अगं बया! टाकलेली नजर त्योच परत घरात घिऊन आला की!"

झाले. संध्याकाळी बाळ रडू लागले ते थांबेना, आणि माझ्या गळ्यात साखळी पडली.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. आतून रडणे ऐकू यायचे, पण कोण रडते तेच कळायचे नाही. बाळाला न्हाऊ घातले की ओव्याची आणि लसणाच्या सालांची धुरी व्हायची, त्या धुरात मला वासच लागायचा नाही. मी उठायचो, साखळी पुरेल तिथवर जायचो, मागे यायचो, बसायचो, पुन्हा उठायचो. फरशीवर नखांच्या रेघा उमटल्या. भाकरीला मुंग्या लागायच्या. बाळ रडले की मी भुंकायचो, मी भुंकलो की बाळ आणखी रडायचे, आणि मग आतून कोणीतरी माझ्यावर ओरडायचे.

एके दिवशी नळाला पाणी आले. सगळ्यांची धावपळ चालली होती आणि धुण्याचा ढीग जिन्यापाशी पडला होता. त्यातून बाळाचे एक दुपटे मी हळूच ओढले. दूध, तेल, मूत, आणि त्याखाली अगदी नवा, कधी न घेतलेला वास. मी ते माझ्या अंथरुणाच्या पोत्याखाली सरकवले. तेवढ्यात प्रियंकाने पाहिले आणि हात पुढे केला. मी गुरगुरलो. ती माझी चूक, कबूल करतो.

"आत्या, बाळाचं दुपटं फाडतोय हा! उद्या बाळालाच धरलं तर?" तिने सासूला हाक मारली. पापुद्रा ठेवणारी ती, आता मला भीत होती. त्याचे मला फार वाईट वाटले.

अजिनाथने टेंभुर्णीला फोन लावला. तिथे बनाबाईचा भाऊ गुंडामामा हायवेवर टायरचे दुकान चालवतो. "मामा, रविवारी पिकअप घिऊन या. कुत्रं घिऊन जावा."

रविवारी पिकअप दारात आली. माझ्याजवळ यायला कोणी धजेना, म्हणून साखळी सोडायला बनाबाईच आली. तिने पोते उचलले. खाली दुपटे तसेच होते, एक दात लागला नव्हता. भोवती माझ्या केसांचे गोल रिंगण पडले होते. ती खालीच बसली.

"अजिनाथ, हे बग. कोकराला धरून निजायचा, तसा निजलाय ह्यो." तिने रिंगणावरून हात फिरवला. "माजंच चुकलं रं. मेंढराचं कोकरू ह्याच्या नाकाशी धरलं, आन् सोताचा नातू आला तवा ह्याला बांदून घातलं."

"आये, मामा खोळंबलाय."

"खोळंबू दे की! च्या पाज त्येला."

ती आत गेली आणि बाळाला घेऊन आली. अजिनाथने साखळी आखडून धरली. "आत्या, लांबनंच हं," म्हणत प्रियंका मागे उभी राहिली. बनाबाईने एक इवलेसे पाऊल माझ्या नाकाशी आणले. तेच! दुपट्यातले तेच! इतके दिवस रडत होते ते हे होते तर. माझे पाय आपोआप दुमडले आणि मी जमिनीवर हनुवटी टेकवली.

गुंडामामांची पिकअप रिकामीच परत गेली. "लई लांबनं आलो की रं," एवढेच ते म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या घरी पाळणा आला, तर दारातल्या मुक्या जिवालाही बाळ दाखवा. मोठ्या माणसाच्या हातात, बेताने, पण दाखवा. नुसते बांधून ठेवू नका. प्रियंका अजून बाळाला माझ्यापाशी एकटे सोडत नाही, आणि ते बरोबरच आहे. बाळ रडले की मी अजूनही उठतो, दोन फेऱ्या मारतो. हा स्वभाव आता जायचा नाही.

परवा पुन्हा नळाला पाणी आले. प्रियंका पाळण्याशी शेंगा सोलत बसली होती. बनाबाईने घागर उचलली, दारापर्यंत गेली आणि मागे वळली.

"भुंग्या, बगतोस न्हवं रं?"