चाकाच्या खिळी

“आधी पानी घ्या,” म्हणत इंद्रभाननं लोटा पुढं केला. समोरच्या माणसानं मान हलवली. डोक्यावर टोपी नाही, पायात वहाणा नाहीत, भर उन्हात तसाच उभा.

“पानी नाई चालत, दादा. किन्हीराजाहून आलो. चतुराबाईची माय गेली सकाळी. बाईले घ्याले दुसरा मानूस मांडवात गेला, थो जीपनं नेईन तिले. बंडी मले आनाले सांगतली.”

मौतीची खबर आणणारा पाणी घेत नाही, कुठं टेकत नाही, आणि त्याला कोणी नावगाव विचारत नाही. हे इंद्रभानला कोणी शिकवलं नव्हतं. लहानपणापासून तो तेच पाहत आला होता. त्यानं लोटा खाली ठेवला आणि तिच्या बंडीच्या खिळी काढायला थैलीत हात घातला.

चौऱ्याहत्तर साली शेलूबाजारला कारागिरांचं चार दिवसांचं प्रदर्शन भरलं होतं. पुढं मांडव, मागं लिंबाखाली कारागिरांच्या नऊ बैलबंड्या. मांडवात चार-सहा नग मांडायचे, बाकी सगळा माल बंडीतच. राखण इंद्रभानकडं. वीस वर्षं बाजारात बंड्या राखणारा माणूस, त्याची रीत ठरलेली. बंडी आली की दोन्ही चाकांच्या खिळी काढून आपल्या थैलीत टाकायच्या. खीळ नसली की दहा पावलांत चाक निसटतं, मग चोर नेतो काय? कोणती खीळ कोणाची, हे तो नुसत्या बोटांनी ओळखायचा. वीस वर्षांत एक मडकंसुद्धा गेलं नाही, हे तो कोणी न विचारताही सांगायचा.

चतुराबाई विधवा, बंडी स्वतः हाकत आलेली. काचेला मागून रंग देऊन ती तसबिरी काढायची. दोन वर्षांच्या साठ तसबिरी कडब्यात गुंडाळून आणल्या होत्या. “दादा, काच हाय, सांभाळजा,” एवढंच ती म्हणाली होती.

इंद्रभाननं तिचे बैल स्वतः जुंपले, खिळी स्वतः ठोकल्या. वर बजावलंही, “हळू न्या. अंदर काच हाय.”

बंडी निघाली तेव्हा त्याच्या मनात आलं, मांडव पन्नास पावलांवर आहे, बघून यावं का? पण बाकीच्या आठ बंड्या सोडून जायचं कसं? आणि खरं सांगायचं तर त्याला लाज वाटली. मरणाला कोणी साक्षीदार मागतं का?

दुपारी दोन वाजता चतुराबाई भाकरीचं गाठोडं घ्यायला मांडवातून आली. इंद्रभान ताडकन उठला.

“बाई, तुमी गेल्या नाई?”

“कुठी?”

“तुमची माय... सकाळी खबर आली...”

बंडी कुठं आहे हे तिनं पाहिलंसुद्धा नाही. “माय व माये!” असा टाहो फोडून ती सडकेकडं धावली. इंद्रभान मागं मागं. “बाई, बंडी...”

“चुलीत घाला थे बंडी!” म्हणत ती उभ्या जीपमध्ये चढली.

प्रदर्शनाचे कारभारी केशरीचंद शेठ धोतर सावरत आले. “काहून गा इंद्रभान, एक डाव पुसलं असतं तं?”

“मौतीची खबर होती, शेठजी.”

शेठ हळूच म्हणाले, “मीबी नसतं पुसलं.” इंद्रभानला त्यानं काडीचाही धीर आला नाही. दोन्ही दिशांना सायकली पिटाळल्या, पण सडकेवर शंभर बंड्यांच्या चाकोऱ्या. पोलिसांनी त्या माणसाचं नाव विचारलं. इंद्रभानला काय ठाऊक!

तो लिंबाखाली येऊन बसला. एकच आशा उरली होती. खबर खरी असेल तर? दुसऱ्या माणसाला गर्दीत बाई सापडली नसेल, बंडी नीट किन्हीराजाला पोचली असेल, आतल्या सगळ्या तसबिरी शाबूत असतील. देवा, खरी निघू दे, एवढी एक खबर खरी निघू दे! आणि आपण काय मागतोय ते त्याच्या ध्यानात आलं. त्यानं स्वतःच्या दोन्ही गालांत थपडा मारून घेतल्या. घटकाभरानं मन पुन्हा तेच मागू लागलं.

सकाळी आठही कारागीर एकेक करून आले. “खिळी दे गा इंद्रभान, आता आमच्यापाशीच ठेवतो.” कोणी वावगा शब्द बोललं नाही. थैली रिकामी झाली, तरी तो जागचा हलला नाही.

पहिल्या जीपमधून चतुराबाई उतरली. तिच्यामागं काठी टेकत एक म्हातारी.

इंद्रभान उठून उभा राहिला. म्हातारी जिवंत होती. म्हणजे तसबिरी गेल्या.

चतुराबाई बंडीच्या मोकळ्या जागी गेली. खाली पडलेला थोडा कडबा तिनं पायानं सारखा केला आणि तिथंच बसली. म्हातारी इंद्रभानजवळ आली.

“तूच का थो राखनदार? मी मेली म्हून कोनं सांगतलं रे बाप्पा तुले?”

“चुकलो, माय.” काल दुपारपासून मी तुझं मरण मागितलं, हे त्याला सांगायचं होतं.

म्हातारी दगडावर टेकली. “लय तहान लागली. पानी दे.”

त्यानं लोटा भरून दिला. अर्धं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. उरलेलं ती गटागटा प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि लोटा त्याच्यापुढं धरला.

“आनखी दे.”

इंद्रभान लोटा घेऊन घागरीकडं वळला, आणि या वेळी त्यानं लोटा काठोकाठ भरला.