मोंतेल्वाचं शिंग

ड्यूक रिनिएरी यांचा खून झाला त्या दिवशी त्यांच्या ताटातलं सगळं मी आधी खाल्लं होतं आणि मला काहीही झालं नव्हतं. माझ्याविरुद्ध हाच एक पुरावा होता. पण तो चांगला धडधाकट होता आणि रोज सकाळी उठून बसत होता.

मी ड्यूकचा चाखणारा. मोंतेल्वाच्या राजवाड्यात हे काम मिळावं म्हणून कोणी रांग लावत नाही. पोटभर मिळतं, पण माणसं जवळ येत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. ज्याच्या पोटात कधी काय होईल ते सांगता येत नाही, अशाशी दोस्ती करून उगीच नंतर रडत कोण बसणार? स्वयंपाकघरातल्या बायका मला नावाने हाकही मारत नसत. 'तो' म्हणत. माझं नाव तेबाल्दो आहे हे राजवाड्यात नक्की माहीत असलेला माणूस एकच, ओनोफ्रियोकाका.

ओनोफ्रियोकाका शिंग सांभाळत. एकशिंगी घोड्याचं शिंग, पुरुषभर लांब, पीळ दिलेल्या दोरासारखं. माझं चाखून झालं की मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवत आणि मी पांढरा पडतो का ते सगळा दरबार बघत असे. काका शिंग मांडीवर घेऊन शेजारी बसत. मी पांढरा पडलो नाही की ते उठत आणि ड्यूकच्या रश्श्यात, वाइनमध्ये शिंगाचं टोक बुडवून ढवळत. विष असेल तर शिंगाला घाम फुटतो आणि विष मरतं. पूर्वी शिंग आधी आणि मी नंतर असा क्रम होता. ड्यूकनी तो बदलला. त्यांचं म्हणणं, तेबाल्दोच्या तोंडानंतर अन्न शुद्ध करायला काहीतरी पाहिजेच.

त्या बसण्याच्या वेळात काका माझ्याशी हळू आवाजात बोलत. "आज मेंढा चिवट होता का रे? चेहऱ्यावरून चिवट वाटला." दिवसभरात माझ्याशी झालेलं बोलणं बहुधा एवढंच असे. मी ते पुरवून पुरवून वापरायचो.

संत मार्टिनच्या सणाला दुपारच्या जेवणात हंस होता. मी खाल्ला, बसलो, गुलाबीच राहिलो. काकांनी रस्सा ढवळला. ड्यूकनी निम्मा हंस संपवला, उरलेल्या निम्म्याकडे प्रेमाने पाहिलं आणि टेबलाखाली गेले. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या घंटेआधी ते वारले.

न्यायाधीश मेस्सेर लात्तान्झिओ यांनी मला रीतसर समजावून सांगितलं. "शिंगाला घाम फुटला नाही. म्हणजे अन्नात विष नव्हतं. पण ड्यूक विषाने गेले, हे वैद्य सांगतात. म्हणजे विष तू दातात धरून ठेवलंस आणि शिंगाची पाठ वळल्यावर ताटात सोडलंस."

"शिंगाला पाठ असते?" मी विचारलं.

"दरबारात प्रत्येकाला असते," ते म्हणाले. "उद्या दुपारी सर्वांसमोर तू तो उरलेला हंस रश्श्यासकट खायचा. मेलास तर तू निर्दोष. तुला चर्चमध्ये, गाणारी मंडळी उभी राहतात त्यांच्या पायाखाली मानाने पुरू. जगलास तर तुला विषाची सवय आहे हे सिद्ध होईल आणि आम्ही तुला फाशी देऊ."

दोन्हींपैकी कशाची आशा धरायची ते मला कळेना. नवस बोलायला गेलो तर संतालाही निर्णय घ्यायला वेळ लागला असता.

तुरुंगात राजकन्येच्या लग्नाचं चीज भरून ठेवलं होतं. म्हणून मला जेवणाच्या दालनातच, माझ्याच स्टुलाला बांधून ठेवलं. सकाळी ओनोफ्रियोकाका आले. एका हातात पाव, दुसऱ्या हाताने शिंग छातीशी धरलेलं. ते माझ्या शेजारी बसले आणि पावाचे तुकडे मला भरवू लागले.

"झोपलास का?"

"बसल्या बसल्या. स्टूल तसं सवयीचं आहे."

"दोर काचतोय?"

"डावीकडे थोडा."

त्यांनी डावीकडचा दोर सैल केला. मग मी, कोणीही मागितलं असतं ते मागितलं. राजवाड्यात कोणाला ताप आला, कोणी बाळंत होणार असलं की शिंग बुडवलेलं पाणी काका स्वतः नेऊन देत. तबेल्यातल्या खेचराचं पोट फुगलं तेव्हा त्यालाही त्यांनी बादलीभर दिलं होतं, वर मान खाजवली होती.

"काका, मला तेवढं शिंगाचं पाणी द्या. मरायचं तर मरतो, पण पोटात मुरडा नको. तुम्हाला माहीत आहे, माझ्याने मुरडा सहन होत नाही."

काकांचा हात पावावर थांबला.

"आज नाही."

"उद्या मी नसेन."

"शिंग धुतलेलं नाहीये."

"काका, शिंग कोण धुतं? शिंग बाकीच्यांना धुतं."

"तुला नाही द्यायचं म्हटलं ना." ते शिंग माझ्यापासून लांब, पलीकडच्या कुशीत घेऊन बसले. गरम भांडं लहान मुलाच्या हाताला लागू नये म्हणून आई सरकवते, तसं.

आजवर त्यांनी कोणालाही नाही म्हटलं नव्हतं, खेचरालासुद्धा. मी शिंगाच्या टोकाकडे पाहिलं. पिळाच्या खाचांत काहीतरी पांढरं होतं, पिठासारखं. हंस माझ्या दातांनंतर आणि ड्यूकच्या दातांआधी फक्त एकाच वस्तूला भेटला होता.

"उंदरांना घालतात ते सोमल?" मी विचारलं.

"हो," काका म्हणाले. "मधात कालवून." मग म्हणाले, "सणाच्या दुसऱ्या दिवशी सुतार येणार होता. ड्यूक मुलीला लग्नात अर्धं शिंग देणार होते. करवतीने कापून. मी त्यांना म्हटलं, सरकार, हे लाकूड नाही. ते म्हणाले, मग करवत चांगली आणायला सांगतो. एकेचाळीस वर्षं मी ह्याच्या शेजारी झोपतोय, तेबाल्दो. थंडीत ह्याच्यावर पांघरूण घालतो. मला वाटलं, ड्यूक गेले तर लग्न लांबेल. जास्त खाल्लं म्हणून गेले, असंच सगळे म्हणतील. दातांचं माझ्या डोक्यात आलं नाही."

"कोणाच्याच यायला नको होतं."

"सांगायचं तर सांग. मी स्वतःच सांगणार होतो, पण मग ह्याच्याकडे कोण बघणार?"

त्यांनी उरलेला पाव माझ्या तोंडात दिला, शिंग उचललं आणि गेले. मी चावत बसलो. राजवाड्यात माझ्याशी बोलणारा माणूस एक होता आणि दुपारपर्यंत त्याच्यात आणि माझ्यात एकाची निवड करायची होती. खरं तर निवड फार अवघड नव्हती. मला जगायचं होतं. तेच मला वाईट वाटलं.

दुपारी दरबार भरला. डचेस इपोलिता काळ्या कपड्यांत मध्ये बसल्या होत्या. हंस थंड होऊन रश्श्यावर साय धरली होती. मेस्सेर लात्तान्झिओनी ताट माझ्यापुढे सरकवलं.

"मी शिंगाचं पाणी मागितलं," मी म्हणालो. "ओनोफ्रियोकाकांनी दिलं नाही."

एवढंच. पुढचं सांगायची गरज पडली नाही. सगळा दरबार काकांकडे वळला. त्या दालनात बसलेल्यांपैकी एकाचंही घर असं नव्हतं जिथे ते पाणी गेलं नव्हतं.

"का दिलं नाहीस, ओनोफ्रियो?" डचेसनी विचारलं.

"पोरगं मेलं असतं, बाईसाहेब," काका म्हणाले. "शिंगाला सोमल मीच लावलं. तो खरं बोलतोय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याचा डावा दोर पुन्हा घट्ट केलाय कोणीतरी. सैल करा."

मला वाटलं, आता त्यांना धरतील. मी डोळे मिटून घेतले. पण कोणी हललं नाही. डोळे उघडले तर मेस्सेर लात्तान्झिओ बोटांवर काहीतरी मोजत होते.

"बाईसाहेब," ते हळूच म्हणाले, "शिंगावर सोमल होतं आणि शिंगाला घाम फुटला नाही, असं धरलं तर हे शिंग एकशिंगी घोड्याचं नाही असं होतं. आणि लग्नाच्या करारात आपण अस्सल लिहून दिलंय."

डचेसनी हंसाकडे पाहिलं. "मेस्सेर, हंस केवढा होता?"

"मोठा."

"सरकारांनी किती खाल्ला?"

"पुष्कळ."

"मग विचार कसला करताय?"

निकाल तिथेच लिहिला गेला. ड्यूक रिनिएरी यांचा खून हंसाने केला. हंस हजर होता, त्याने काही बाजू मांडली नाही. जल्लादाने त्याचा सांगाडा वेशीबाहेर नेऊन रीतसर फासावर टांगला. बघायला बरीच गर्दी झाली आणि एक बाई रडलीही. याहून वेगळं काही बोलेल त्याची जीभ कापायची, असं खाली लिहिलं होतं. जीभ हे माझं कामाचं अवजार, म्हणून मी सही करताना ती ओळ दोनदा वाचली.

त्या संध्याकाळी मी परत माझ्या स्टुलावर आणि ओनोफ्रियोकाका माझ्या शेजारी. दोघेही निर्दोष. मी डचेसचा मासा चाखला. काकांनी शिंग मांडीवर घेतलं. मासा कसा होता ते त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मटार होते, तेही विचारले नाहीत. असे एकोणीस दिवस गेले. पूर्वी कोणी बोलत नसे तेव्हा मला एकटं वाटायचं. पण न बोलणारा माणूस शेजारी, हाताच्या अंतरावर बसला की काय वाटतं ते मला नव्यानेच कळलं.

लग्न लांबलं नाही. सुतार आला. शिंग दुसऱ्या कोणाच्या हातात काकांनी दिलं नाही, स्वतःच धरून बसले. कापताना दात किसल्यासारखा वास आला. अर्ध्या शिंगाबरोबर एक सांभाळणारा राजकन्येच्या सासरी, रोक्काविवाला पाठवायचा ठरला, आणि तो कोण हे डचेसनी निकालाच्याच दिवशी ठरवून ठेवलं होतं. टोकाकडचा भाग गेला, जाडा इथे राहिला. काकांना निवड करू दिली असती तर त्यांनी काय केलं असतं कोण जाणे. मी विचारलं नाही.

ते गाडीत चढले तेव्हा मी अंगणात उभा होतो. बाकी कोणी निरोपाला आलं नव्हतं.

"काका," मी म्हणालो, "त्या सकाळी पाणी दिलं असतं तर?"

एकोणीस दिवसांनी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विचार करून म्हणाले, "तर मी इथेच असतो."

"आणि मी?"

"तूही इथेच. गाणाऱ्यांच्या पायाखाली." त्यांनी शिंगावरचं पांघरूण नीट केलं. "जा, तुझी जेवायची वेळ झाली. आज मसूर आहेत, खडे बघून खा."

गाडी निघाली. रोक्काविवाचा रस्ता खड्ड्यांचा आहे, त्यामुळे त्यांचे दोन्ही हात शिंगाला लागत होते आणि माझ्याकडे बघून हलवायला एकही उरला नव्हता. मी मात्र हलवला. फाटकावरच्या पहारेकऱ्याला वाटलं मी त्याच्याकडे बघून हलवतोय. त्याने आधी मागे वळून पाहिलं, मग माझा चेहरा ओळखला, आणि दरवाजा लावून घेतला.