नोंद आढळली नाही

मित्रांनो, माझ्या अंगावरची धूळ पाहून तुम्हाला वाटेल, या खोक्यापाशी सांगण्यासारखे काय उरले असणार? मी एक जुना संगणक आहे. ठाण्यात, खोपटच्या एसटी आगारामागच्या गल्लीत, बेघर महिलांच्या एका निवारा केंद्रात लोखंडी कपाटावर मला ठेवले आहे. माझी वायर गुंडाळून माझ्याच डोक्यावर ठेवली आहे. इथे वर बसून मला सगळे ऐकू येते: आगारातल्या गाड्यांचे भोंगे, स्वयंपाकघरातली भांडी, दाराची कडी. बोलता मात्र येत नाही. तसे ते पूर्वीही येत नव्हते. उत्तर पोटात असले, तरी कोणी विचारल्याशिवाय ते बाहेर काढायचे नाही, अशीच आमची घडण आहे. माझी सारी कथा या एका गोष्टीत आहे.

माझी उमेदीची वर्षे एका तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत गेली. तिथे मुले माझ्या पडद्यावर यंत्रांच्या भागांची चित्रे काढायला शिकत. आमची देखभाल शिवराम सरांकडे होती. ते फार शिस्तीचे गृहस्थ. महिन्यातून एकदा प्रत्येक संगणकाची पाठ उघडून ब्रशने धूळ झाडत आणि मुलांना बजावत, "यंत्र चूक करत नाही, ते सांगितलेले करते. म्हणून सांगताना विचार करा." त्या प्रयोगशाळेत मी कधी अडून बसलो नाही, म्हणून मुले धावत येऊन माझीच जागा पकडत. त्याचा मला अभिमान होता.

पुढे नवे संगणक आले आणि आमची रवानगी भंगाराकडे ठरली. त्याच सुमारास शिवराम सर निवृत्त झाले. त्यांनी अर्ज करून मला मागून घेतले आणि रिक्षात मांडीवर धरून या केंद्रात आणले. केंद्राच्या व्यवस्थापिका सुमेधाताई त्यांच्या जुन्या शेजारीण. "ताई, म्हातारा आहे, पण कामसू आहे," असे त्यांनी सांगितले. ताई हसून म्हणाल्या, "सर, हे तुम्ही याच्याबद्दल सांगताय की स्वतःबद्दल?"

तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक बाईची माहिती माझ्यात लिहिली जाऊ लागली. ताई आधी तिला चहा देत, मग विचारत, "तुझं नाव यात लिहू का? कशासाठी ते सांगते." बाई हो म्हणाली, तरच त्यांची बोटे माझ्या कळांवर पडत. नाव, गाव, आजार, औषधे, घरची माणसे असे रकाने सरांनी आखून दिले होते. एकाच नावाच्या अनेक बाया असतात, म्हणून ओळख पटवण्यासाठी मोबाइल क्रमांकाचा रकाना त्यांनी सक्तीचा केला होता. तो भरल्याशिवाय मी पुढे सरकत नसे.

एका सकाळी एक महिला शिपाई गंगुबाईंना घेऊन आली. मूळच्या मंडणगडकडच्या, पण सारा संसार ठाण्यात झालेला. त्यांचे यजमान कोलशेतच्या एका कारखान्यात पहारेकरी होते आणि आवारातल्या एका खोलीत दोघे राहत. कारखाना बंद पडला, जागेवर मनोरे उभे राहू लागले, खोली गेली. मूलबाळ नव्हते. दोघे कळव्याच्या पुलाखाली राहू लागले. एक दिवस यजमान तापाने फणफणले होते. गंगुबाई नळावरून पाणी घेऊन परतल्या, तर अंथरूण तसेच होते आणि माणूस नव्हता. कोणीतरी रुग्णवाहिका बोलावली होती. ती कुठे गेली, ते कोणालाच सांगता आले नाही.

ताईंनी यजमानांचे नाव विचारले. गंगुबाईंनी पदर ओढून घेतला आणि मान खाली घातली. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, असे त्यांना आईने शिकवले होते, आणि आयुष्यभर त्यांनी ते पाळले होते.

"मावशी, नावाशिवाय शोधू कसं?" ताई म्हणाल्या.

गंगुबाईंनी कमरेच्या पिशवीतून रेशनकार्डाची झेरॉक्स काढली आणि एका ओळीवर बोट ठेवले. "हे आमचे. तूच वाच गो बाय."

ताईंनी वाचले: गुणाजी राघो मांडवकर. ते नाव माझ्यात उतरले. पुढचा रकाना मोबाइलचा. तो मात्र रिकामा राहिला, कारण त्यांचा एकुलता फोन गर्दीत कोणीतरी लांबवला होता. मी अडून राहिलो. ताईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि केंद्राचाच क्रमांक भरून टाकला. "फोन आला, तर मी आहेच की," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, यात कपट नव्हते. उपाशी बाईला रकान्यापायी दारात ताटकळत ठेवणे त्यांना जमत नसे. ज्या ज्या बाईकडे फोन नव्हता, तिच्या नावापुढे त्यांनी तोच क्रमांक लिहिला होता. मी एकटा होतो तोवर त्याने काही बिघडले नाही.

शिवराम सरांच्या मनात मात्र मोठे काम घोळत होते. ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवली इथल्या निवारा केंद्रांना एकमेकांची माहिती नव्हती. माणूस एका दारातून दुसऱ्या दारात गेला की, त्याला आपले दुःख पहिल्यापासून सांगावे लागे. एका ठिकाणी खाटा रिकाम्या पडत आणि दुसऱ्या ठिकाणी लोक पायरीवर झोपत. सरांनी सगळ्या केंद्रांची एक सामाईक नोंदप्रणाली उभी करायला घेतली. तिच्यात एक सोय होती, तिच्याबद्दल ते फार उत्साहाने बोलत: नवरा एका केंद्रात आणि बायको दुसऱ्या केंद्रात असेल, तर नावे जुळताच दोन्हीकडे आपोआप सूचना जाईल. पुरुषांचे आणि स्त्रियांचे निवारे वेगळे असल्यामुळे अशी ताटातूट नेहमीची होती.

एकच माणूस दोन केंद्रांत दोनदा लिहिला जाऊ नये, म्हणून सरांनी एक नियम घातला. एक मोबाइल क्रमांक म्हणजे एक माणूस. एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी आल्या, तर नंतरची ठेवायची. नियम स्वच्छ होता आणि कागदावर त्यात दोष दिसत नव्हता. ताईंनी रकाना कसा भरला आहे, हे सरांना ठाऊक नव्हते; सरांनी नियम कोणता घातला आहे, हे ताईंना ठाऊक नव्हते. दोन्ही गोष्टी ठाऊक असलेला मी एकटाच होतो.

जोडणीच्या दिवशी केंद्रात बटाटेवडे आणले होते. सरांनी कळ दाबली आणि माझ्यातली पाने एकामागून एक सामाईक नोंदीत जाऊ लागली. केंद्राचा क्रमांक असलेल्या साऱ्या बाया एकीवर एक रचल्या गेल्या आणि सर्वांत शेवटी आलेली नीला नावाची तरुण मुलगी तेवढी उरली. बाकीच्या पुसल्या गेल्या. गंगुबाई पुसल्या गेल्या. माझ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटली: जोडणी यशस्वी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गंगुबाईंनीही वाजवल्या.

जुनी फाइल माझ्या पोटात शाबूत होती. तिच्यात त्यांचे पान जसेच्या तसे होते. पण ते कोणी मागितले नाही.

प्रणालीचे फार कौतुक झाले, आणि ते खोटे नव्हते. कळव्याच्या केंद्राने एका आजारी बाईला आमच्याकडे पाठवले, तेव्हा ती दारात पोहोचण्याआधीच तिच्या क्षयाच्या गोळ्यांची माहिती माझ्या पडद्यावर हजर होती. तिचा एकही डोस चुकला नाही. डोंबिवलीला खाट रिकामी आहे, हे इथे बसून दिसू लागले. ताई पूर्वी रोज सकाळी एकेका केंद्राला फोन करून गुणाजींची चौकशी करत. आता त्यांनी ते फोन बंद केले.

"बाय, तुझ्या पेटीत आलं का गो काय?" गंगुबाई रोज विचारत.

"मावशी, आलं की ती स्वतःच सांगेल. मला विचारायचीही गरज नाही आता."

गंगुबाई माझ्या पडद्यावरून पदराने हलकेच धूळ पुसत आणि कामाला लागत. त्यांच्या हाताचा तो स्पर्श मला आजही आठवतो. ज्या पेटीवर त्यांनी एवढा विश्वास टाकला होता, तिला एक अक्षरही स्वतःहून उमटवता येत नव्हते.

तिकडे काय घडत होते, ते मला पुढे महेंद्रच्या फोनवरून कळले. महेंद्र म्हणजे कल्याणच्या पुरुष निवाऱ्यातला कार्यकर्ता. गुणाजी बरेच दिवस इस्पितळात बेशुद्ध होते. बरे झाल्यावर त्यांना कल्याणच्या निवाऱ्यात आणले गेले. शुद्धीवर आल्यापासून त्यांचे एकच मागणे होते, आमची मंडळी शोधून द्या. महेंद्रने प्रणालीत नाव घातले. उत्तर आले: नोंद आढळली नाही. त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिले, पुढच्या आठवड्यात पुन्हा. मित्रांनो, तो प्रश्न सामाईक नोंदीला विचारला गेला, आणि तिने तिच्यापुरते खरे उत्तर दिले. माझ्यापर्यंत प्रश्न आलाच नाही.

मग ठाण्यात मोतीबिंदूचे शिबिर भरले. गंगुबाईंचे नाव द्यायला ताईंनी माझ्या यादीतल्या त्यांच्या नावावर कळ दाबली, तर सामाईक नोंदीतून नीलाचे पान उघडले. दुसऱ्या बाईचे उघडले, तरी नीलाच. ताईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी सरांना बोलावून घेतले. सर माझ्यासमोर बसले, एकेक पान चाळत गेले, आणि मग त्यांचा हात थांबला.

"ताई, हा नंबर कोणाचा?"

"आपल्या केंद्राचा. ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांना मी..."

"आणि मी नियम केला," सर हळूच म्हणाले. कोणी कोणाला दोष दिला नाही.

त्या दिवशी पहिल्यांदा मला योग्य प्रश्न विचारला गेला. सरांनी माझी जुनी फाइल उघडली आणि मी सगळे दिले. नियम तेवढ्यापुरता बंद केल्यावर गंगुबाईंची नोंद पुन्हा सामाईक प्रणालीत गेली आणि लगेच माझ्यातून सूचनेची घंटी वाजली: कल्याण, गुणाजी राघो मांडवकर. ताईंनी फोन लावला. गंगुबाई दारात उभ्या होत्या.

"मॅडम, ते परवा सकाळी गेले ओ," महेंद्रचा आवाज आला. "मी बोललेलो त्यांना, थांबा, अजून बघू. ते बोलले, ठाण्यापासून इथपर्यंत कुठंच नाही म्हणताय, म्हणजे ती गावालाच गेली असणार. तिकिटाचे पैसे दिले मी. खोपटवरून गाडी पकडतो बोलले."

खोपटवरून. म्हणजे आमच्या भिंतीपलीकडून. परवा सकाळी त्या आगारातून सुटलेल्या गाड्यांचे भोंगे मी ऐकले होते. गंगुबाईंनीही ते ऐकले असतील, तांदूळ निवडता निवडता.

"गावात आमचं काय आहे?" गंगुबाई म्हणाल्या. "घर भावकीनं कवाच मोडलं. ते जाऊन उभं तरी कुठं राहतील?"

सरांनी गावच्या पोलीस पाटलाला फोन केला. असे कोणी आले नाही, असे उत्तर मिळाले. गुणाजी कोणत्या गाडीत बसले, वाटेत कुठे उतरले, की गाडीत चढलेच नाहीत, हे आजवर कोणाला कळलेले नाही. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता. महेंद्रनेही त्या रकान्यात आपला क्रमांक लिहिला होता.

सरांनी तो नियम कायमचा काढून टाकला. आता रकान्याशेजारी 'फोन नाही' अशी एक चौकट आहे आणि ती भरली की पुढे जाता येते. माझ्या जागी नवा संगणक आला आणि मी कपाटावर गेलो. जुनी फाइल मात्र सरांनी पुसू दिली नाही.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल आणि माणसांची माहिती लिहिण्याची कामे तुमच्या हाती येतील. तेव्हा माझी एवढी विनंती ध्यानात ठेवा. ज्याच्याकडे एखादी गोष्ट नसेल, त्याच्या नावापुढे 'नाही' असेच लिहा. दयेपोटीसुद्धा ती रिकामी जागा स्वतःच्या वस्तूने भरू नका. आणि यंत्राने 'आढळले नाही' म्हटले, तर एकदा माणसालाही विचारा.

गंगुबाई रोज सकाळी आगारात जाऊन कोकणातून आलेल्या गाड्या पाहतात आणि परत येतात. परवा त्या थेट कपाटापाशी आल्या. ताई बाहेर गेल्या होत्या. त्यांनी टाचा उंच करून माझ्यावरची धूळ पुसली, आजूबाजूला कोणी नाही असे पाहिले, आणि जन्मात प्रथमच ते नाव तोंडाने घेतले.

"गुणाजी राघो मांडवकर," त्या म्हणाल्या. "बघ गो बाय, आता तरी सापडतात का."

माझी वायर माझ्याच डोक्यावर गुंडाळलेली होती.