पानाची पाठ पाहिलेला दाभण

मित्रांनो, मी एक दाभण आहे. जुना आहे, पण बोथट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दाभण म्हटलं की तुम्हाला पोती शिवायची जाड सुई आठवत असेल. मी जन्मात एक पोतं शिवलेलं नाही. मी अपिलं शिवली. खालच्या कोर्टाचा निकाल पटला नाही की माणूस वरच्या कोर्टात दाद मागतो, त्याला अपील म्हणतात. त्याच्या कागदांचा गठ्ठा भक्कम शिवायचा, हे माझं काम.

माझा जन्म परळच्या एका गिरणीत झाला. गिरणीतली सूत कातायची एक चाती मोडली आणि तिच्या पोलादापासून एका फिटरने मला घासून घासून घडवलं. वीतभर लांबी, दोरा ओवायला रुंद नेढं आणि धरायला शिसवी मूठ. त्या फिटरचा मुलगा कुशाबा धोबीतलावला एका वकिलांकडे कारकून म्हणून लागला होता. "गिरणीत नाय आलास ता बरा केलंस," बाप म्हणाला, "पण हत्यार आपला असांदे." तेव्हापासून मी कुशाबाच्या हातात आहे. याला अडतीस वर्षं झाली.

काय दिवस होते ते! टेबलावर कागद ठोकून सरळ करायचे, डाव्या अंगाला तीन भोकं पाडायची, जाड पांढरा दोरा ओढायचा आणि मागे गाठ मारायची. दोनशे पानं मी एका दमात पार करायचो. कोर्टाच्या खिडकीतले बाबू म्हणायचे, "कुशाबाचा गठ्ठा आहे ना? मग बघायला नको." हे ऐकलं की माझी छाती फुगायची. हो, दाभणालाही छाती असते. हसायचं काम नाही.

कुशाबाची एक सवय मात्र नीट लक्षात ठेवा. तो प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलने नंबर घालायचा. फक्त पुढच्या बाजूला. पानाच्या पाठीवर नंबर घालायची आमच्याकडे रीतच नव्हती. गरजही नव्हती म्हणा. मी एकदा पान टोचलं की त्याचं पोट आणि पाठ दोन्ही मुकाट्याने गठ्ठ्याबरोबर कोर्टात जायची.

मग नियम बदलला. जुने वकीलसाहेब वारले होते आणि त्यांची मुलगी मनवा आता ऑफिस चालवत होती. एका सकाळी ती फोनवर बघत म्हणाली, "काका, आता अपील खिडकीवर घेणार नाहीत. कागद स्कॅन करायचे आणि कॉम्प्युटरवरून पाठवायचे. शिवायचं वगैरे बंद."

बंद! एका शब्दात माझा निकाल लागला, आणि मला मेलं अपीलही नाही! मला खणात टाकलं. शेजारी वाळलेला स्टॅम्प पॅड आणि गोंदाची रिकामी बाटली. ते दोघं दिवसभर कण्हत पडलेले असत. मी नाही कण्हलो. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, तुम्ही संपला असाल, मी संपलेलो नाही.

आणि कुशाबाही कमी हट्टी नव्हता. साठी उलटल्यावर तो स्कॅनर शिकला. लाल नंबर बघून एकेक पान मशीनला भरवायचा. पण ते झालं की खण उघडायचा, मला बाहेर काढायचा आणि तेच कागद ऑफिससाठी शिवून ठेवायचा.

"काका, आता हे कोण बघणार आहे?" मनवा विचारायची.

"कोण नाय तर मी बघतलंय," कुशाबा म्हणायचा.

या मार्चमध्ये आमच्याकडे कौसल्याबाई आल्या. फणसवाडीतल्या चाळीत त्यांची दहा बाय बाराची खोली. दाराशी शिलाई मशीन टाकून त्या साड्यांना फॉल लावतात, त्यावरच त्यांचं पोट. आई आजारी म्हणून त्या सात-आठ महिने गुहागरला राहिल्या. तेवढ्यात घरमालकाने दावा लावला की खोली बंद आहे, बाईंना तिची गरज नाही. कोर्टानेही तसंच ठरवलं आणि खोली सोडा म्हणून सांगितलं. मनवाने अपील तयार केलं, कुशाबाने स्कॅन करून पाठवलं आणि मग मी ते शिवलं. शेवटचं पान टोचताना माझ्या टोकाला वाळलेल्या जांभळ्या शाईची भुकटी लागली. कुशाबाने ती फडक्याला पुसली आणि विसरून गेला. मी विसरलो नाही.

आठवडाभराने, शुक्रवारी सकाळी, कोर्टाकडून कॉम्प्युटरवर उत्तर आलं. कौसल्याबाई तिथेच बसलेल्या होत्या. मनवाने वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काकू, अपिलाला नंबर दिलेला नाही. म्हणतात, पंधरा दिवस उशिरा आलं."

"उशिरा? कोणी केला उशीर?"

"निकालानंतर तीस दिवसांत अपील करावं लागतं. निकालाची शिक्क्याची नक्कल मिळायला जितके दिवस लागले, तितके सोडून देतात. पण नक्कल कधी मागितली, कधी मिळाली, ते आपल्या कागदात कुठे दिसतच नाही."

"आणि मंगळवारी खोली रिकामी करायला तो कोर्टाचा बेलीफ येणार त्याचं काय?"

मनवाने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. अपिलाला नंबर नाही म्हणजे जजसमोर उभंच राहता येत नाही आणि खोली रिकामी करायचं काम थांबवता येत नाही. ती म्हणाली, "एक मार्ग आहे. उशीर झाला, माफ करा, असा अर्ज टाकू. बहुतेक वेळा माफ करतात. तोपर्यंत घरमालकाच्या वकिलाला विनंती करून बघते."

कौसल्याबाई उभ्या राहिल्या. अंगाने किडकिडीत, पण आवाज असा की बाहेरच्या जिन्यावरचा माणूस थांबला.

"मी उशीर केलाच नाही, तर माफी कसली मागू? माफी मागितली म्हणजे मीच म्हटल्यासारखं झालं की हो, चुकले. आणि त्या मालकाला विनंती? नाव काढू नकोस. नकलेसाठी मी स्वतः रांगेत उभी होते. त्या माणसाने माझ्यासमोर शिक्का मारला, तारखा घातल्या. मला सही करायला लावली. मी काय आंधळी आहे?"

वा बाई! मला हे इतकं आवडलं की खणातल्या खणात मी ताठ झालो.

"पण काकू, इथे शिक्का नाही. हे बघा ना स्क्रीनवर, एकेक पान बघा," मनवा रडवेली होऊन म्हणाली. तीही वाईट मुलगी नाही. तिला खरंच त्या बाईची काळजी होती.

मित्रांनो, मला तेव्हा तोंड हवं होतं. मी ओरडून सांगितलं असतं, अगं, शिक्का आहे! मी त्याच्या शाईतून गेलोय! पण दाभणाचं कोण ऐकतं? कुशाबा तर मान खाली घालून बसला होता. आपण शिकलेलं मशीन आपल्यालाच दगा देतंय, असं त्याला वाटत होतं.

कौसल्याबाईंनी स्क्रीनकडे बघितलं आणि मग कपाटातल्या शिवलेल्या गठ्ठ्याकडे. "ती साडी... म्हणजे तो गठ्ठा द्या हो भाऊ इकडे. मी फॉल लावते तेव्हा काम सुलट्या बाजूने कधीच बघत नाही. टाका चुकलाय का, ते उलट बाजूला कळतं."

कुशाबाने गठ्ठा काढला. बाईंनी बोटाला थुंकी लावून पानं उलटली, थेट नकलेच्या शेवटच्या पानापर्यंत. ते पानही उलटलं. पाठीवर जांभळा चौकोनी शिक्का होता, आणि त्यात तीन तारखा. नक्कल मागितली पाच फेब्रुवारीला, तयार झाली चोवीसला, दिली चोवीसलाच. खाली कौसल्याबाईंची सही. शिक्क्याच्या कडेला माझं भोक.

"हा काय मग? माझ्या डोक्यावर मारलेला दिसतोय का?" बाई म्हणाल्या.

मनवाने बोटांवर दिवस मोजले. वीस दिवस वजा झाले. अपील मुदतीत होतं, आणि वर पाच दिवस शिल्लक होते.

कुशाबाने पानाचा पुढचा लाल नंबर बघितला, मग बिननंबराची पाठ. "मशीनची चूक नाय गो मनवा. माझी," तो म्हणाला. "नंबर असलेली बाजू तेवढी घातली मी. अडतीस वर्षा पाठीवर नंबर घातलो नाय. शिवल्यावर पाठ आपोआप जायची ना कोर्टात. मशीनला कसा कळणार?"

मला चांगलंच झोंबलं. इतके दिवस मी त्या मशीनला शिव्या देत होतो आणि चूक निघाली आमच्या घरची. कबूल करतो. पण गठ्ठा शिवून ठेवला नसता तर सुटी पानं इकडची तिकडे झाली असती आणि मंगळवारपर्यंत कोणाला सापडली नसती, हेही मी कबूल करायला लावणारच.

त्याच दुपारी पाठीसकट सगळं पुन्हा पाठवलं गेलं. कुशाबाने दोरा सोडून एकेक पान उलटून घातलं, एकही बाजू सुटली नाही. सोबत मनवाने चार ओळी लिहिल्या आणि त्या मोठ्याने वाचून दाखवल्या. "उशीर झालेला नाही. माफीचा अर्ज नाही, कारण माफीची गरज नाही." कौसल्याबाई म्हणाल्या, "हां, आता कसं!"

सोमवारी नंबर पडला. दुपारी मनवा जजसमोर उभी राहिली आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत खोलीला हात लावायचा नाही, असा हुकूम घेऊनच आली. मंगळवारी बेलीफ आलाच. कौसल्याबाईंनी मशीन थांबवलं नाही. पायाने मशीन चालवत एका हाताने हुकूम पुढे केला आणि म्हणाल्या, "दोन्ही बाजू वाचा." अपील अजून चालू आहे. खोलीत फॉल लागतोय.

मी आता खणात नसतो. स्कॅनरच्या शेजारी, उघड्यावर पडलेला असतो. कुशाबा हल्ली पानाच्या पाठीवरही लाल पेन्सिल चालवतो, कोरी असली तरी. मशीन आधी, मग मी, असा आमचा करार झालाय. मला मशीनचा राग उरलेला नाही. पण कुणी मला 'शोभेची वस्तू' म्हणालं तर टोचायला मी मागेपुढे बघणार नाही.

तेव्हा मुलांनो, घरातली जुनी हत्यारं फेकू नका, जरा तेलाचं बोट लावून हाताशी ठेवा. आणि उद्या तुम्हाला कोणी म्हणालं की तू चुकलास, उशीर केलास, माग माफी, तर चुकला असाल तर जरूर मागा. पण आधी कागद उलटून बघा.