लाल दिव्याची कचोरी

आमच्या एम. पी. नगरच्या ऑफिसात एक रिवाज आहे. ज्याच्यामुळे लाल दिवा लागेल, त्याने शनिवारी सगळ्यांना कचोरी आणायची. लाल दिवा म्हणजे खरा दिवा नव्हे, स्क्रीनवरचा ठिपका. आमचं सॉफ्टवेअर गोदामांतल्या मालाच्या नोंदी ठेवतं, तीन सर्व्हर एकत्र चालवून. एक बंद पडला तर उरलेल्या दोघांनी त्याचं काम उचलायचं. कुणी कोडमध्ये काहीही बदललं की टेस्टची रांग आपोआप चालते. सगळं हिरवं तर बदल आत जातो, एक लाल तर तिथेच अडतो.

रेवती उज्जैनची, नोकरीला लागून पाच महिने झालेली, अजून प्रोबेशनवर. तिने लिहिलेली टेस्ट मुद्दाम एक सर्व्हर बंद करायची आणि सगळ्या नोंदी शाबूत आहेत का ते बघायची. पाचातून एकदा ती लाल व्हायची. चार शनिवार बिचारीने कचोरी आणली. आम्ही ती मिटक्या मारत खाल्ली आणि तिच्या टेस्टला नखरेल म्हणून हसलो. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. अकरा वर्षांचा अनुभव होता ना मला!

पुढच्या सोमवारी ग्राहकाला काम दाखवायचं होतं. शुक्रवारी दुपारी पुन्हा लाल. माझं डोकं फिरलं. टेस्ट का पडते हे शोधायला दोन दिवस लागले असते, आणि आमच्या मॅनेजरची, सुभाष सरांची, बोलणी मला खायची नव्हती. मी एक ओळ घातली: ही टेस्ट पडली तर तीनदा परत चालव, एकदा जरी पास झाली तरी हिरवं दाखव. प्रत्येक बदलासोबत काय केलं ते लिहावं लागतं. मी लिहिलं, ‘किरकोळ सफाई’. तपासणाऱ्याने माझं नाव बघून, आत न वाचताच मंजूर केलं.

त्या शनिवारी रेवती कचोरीऐवजी पेढे घेऊन आली. "दादा, पता नाही काय झालं, पण आता एकदम पास होतंय!" मी पेढा खाल्ला. वर आणखी एक उचलला.

तीन आठवड्यांनी मंडीदीपच्या एका गोदामात आमचा एक सर्व्हर बंद पडला आणि चाळीस मिनिटांच्या नोंदी गेल्या. कुठला माल कुठल्या ट्रकमध्ये चढला, हे तिथल्या लोकांना दिवसभर खोकी उघडून बघावं लागलं. रेवतीची टेस्ट पाचातून एकदा ओरडून जे सांगत होती, अगदी तेच घडलं होतं.

मीटिंगमध्ये सुभाष सरांनी ती हिरवी टेस्ट दाखवून विचारलं, "ये टेस्ट किसका था?"

"मेरा, सर," रेवती म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

मी समोरच्या पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत राहिलो. संध्याकाळी तिचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढल्याचं पत्र आलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या टेबलाशी गेलो. "रेवती, त्या टेस्टमध्ये..."

"माहीत आहे, दादा. कुणी काय बदललं ते नावासकट राहतंच ना तिथे. मीटिंगच्या आधीच बघितलं होतं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं."

इतकी लाज मला शाळेत कॉपी करताना पकडलं तेव्हाही वाटली नव्हती. तसाच सरांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. ते हसले. "अरे, आप सीनियर हैं, सोच-समझकर ही किया होगा." तिच्या पत्राचं विचारलं तर म्हणाले, "वो तो निकल गया. तीन महीने ही तो हैं." मला माफी दोन मिनिटांत मिळाली होती. मी तावातावाने भांडलो, पत्र मागे घ्या म्हणालो. "देखते हैं," म्हणून त्यांनी फोन उचलला.

परत येऊन मी ती ओळ काढली. दिवा लाल झाला. सोबत लिहिलं, ‘रेवतीची टेस्ट बरोबर होती. माझ्याकडून चूक झाली. अजिंक्य.’ हे सगळ्या टीमला दिसणार होतं. आमच्याकडे दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय बदल आत जात नाही, म्हणून तपासायला तिलाच पाठवलं. खरं सांगायचं तर मला थोडं हलकंही वाटायला लागलं होतं.

पाच मिनिटांत तो बदल परत आला. नामंजूर. खाली तिने लिहिलं होतं, ‘ओळ काढलीत ते बरोबर आहे. पण चूक नकळत होते, दादा. ते वाक्य बदला.’

ती चार खुर्च्या पलीकडे, माझ्याकडे पाठ करून बसली होती. मी ते वाक्य खोडलं. मग लिहिलं, ‘टेस्ट खरं सांगत होती. मी जाणूनबुजून तिचं तोंड दाबलं, आणि मीटिंगमध्ये गप्प बसलो.’

या वेळी तिने मंजूर केलं. शनिवारी मी कचोरी आणली. सगळ्यांनी खाल्ली, रेवतीने आपला डबा उघडला.