गोड बंद

कडूबाला साखरेचा आजार निघाला, यात तोटा झाला तो त्याच्या शरीराचा. बाकी सगळा फायदाच होता. निदान त्याची समजूत तशी होती. दवाखान्यातून आला तो पायातल्या चपला न काढताच दारात उभा राहिला आणि स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "डाक्तरनं सांगितलंय, आजपासून गोड बंद!"

द्वारकाबाईच्या हातातली पळी थांबली. "आगं माय! गोड बंद? मंग खायाचं काय मानसानं?"

"खारंच की! दुसरं राहतंय काय?"

पडेगावातल्या त्यांच्या आळीत जेवण दोनच प्रकारचं. खारं म्हणजे मटणाचं, आणि गोडं म्हणजे उरलेलं सगळं. मेथीची भाजी गोडी, पिठलं गोडं, डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचासुद्धा गोडाच. डॉक्टर पडला शहरातला. त्याच्या गोडात साखर होती, गूळ होता, फार तर श्रीखंड.

नवऱ्याला मिळालेलं पथ्य त्याच्या आवडीला इतकं बेतून शिवल्यासारखं कसं, अशी शंका द्वारकाबाईला आलीच नाही असं नाही. पण तिचाही थोडा लाभ होता. तिच्या हातच्या मटणाचं पडेगावात नाव होतं. कुणाकडे जावळ असो की नवसाचा बोकड कापायची कंदुरी, वाटण द्वारकाबाईच्या नजरेखालून गेल्याशिवाय पातेल्यात पडत नसे. तिनं पदर खोचला. दुधाच्या टँकरवर जन्मभर ड्रायव्हरी केलेला कडूबा आता आठवड्यातून तीनदा छावणीच्या बाजारात जाऊ लागला आणि खाटकाला ऐकवू लागला, "मागच्या मांडीचं, पुठ्ठ्याचं दे रं. औषध हाय माझं."

हे औषध जेमतेम सहा महिने पुरलं. एके दिवशी दुपारी छातीत कळ आली आणि मुलानं, रामकिसननं, बापाला रिक्षात घालून दवाखाना गाठला.

"काका, मी गोड बंद करायला सांगितलं होतं ना?" डॉक्टर म्हणाला.

"आईशप्पत साहेब, घासभर बी खाल्लं नाय. मेथीला सुदीक शिवलो नाय."

"मेथी?"

डॉक्टरनं रामकिसनकडे पाहिलं, रामकिसननं फरशीकडे. उलगडा झाला तेव्हा डॉक्टर आधी पोटभर हसला आणि मग एकदम हसायचा थांबला. "हृदयाची नळी अरुंद झालीय, काका."

"नळी?" कडूबा दुखावला. "नळी तर म्या कवाच सोडली नाय. चोखून चोखून पार भुगा करतो!"

"आता सोडायची. मटण बंद. साखर बंद. तेल मोजून. पुन्हा असं दुखलं तर इथवर पोचाल याची खात्री मी देत नाही."

कडूबाची भीती घरच्या ओट्यापर्यंत टिकली. द्वारकाबाईची तिथून सुरू झाली. ती या माणसाला ओळखून होती. ताटात मन रमलं नाही, तर तो गाडीला किक मारून छावणीतल्या हॉटेलात जाऊन बसणार. जीव वाचवायचा तर तो घरच्या ताटावरच वाचवायला हवा होता.

ती शेजारच्या भानुमतीवहिनींकडे गेली. त्यांच्या उंबऱ्याच्या आत अंडंही कधी आलं नव्हतं, म्हणजे बिनमटणाचं जेवण त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वहिनींनी जीव लावून शिकवलं. दुधीची भाजी, अळूचं फदफदं, गूळ वगळून आमटी.

कडूबानं ताट पाहिलं. "ह्ये कुनाच्या तेराव्याचं हाय?"

"खावा गुमान."

"न्हाई, माझंच आसंल तर मेल्यावर तरी वाढ. आत्ताच काऊन?"

तिसऱ्या दिवशी तो संध्याकाळी उशिरा आला आणि "भूक नाय" म्हणाला. द्वारकाबाईनं त्याचा उजवा हात धरून हुंगला. मटणाचा वास नव्हता. साबणाचा होता.

"साबण लावून हात धुतले? तुमी?"

जन्मभर जेवल्यावर धोतराला हात पुसणारा माणूस! कडूबानं हात सोडवून घेतला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

द्वारकाबाई रडली नाही, भांडलीही नाही. चुलीपुढे बसून तिनं विचार केला. वहिनींची भाजी वाईट नव्हती. ती मटण कधी न चाखलेल्या जिभेची होती. आपल्या माणसाला नेमकं काय हवंय? ताटात फोडी पडायच्या त्या चारच. भाकरी चुरायची ती रश्शात. म्हणजे एक रस्सा, दुसरं दाताला तोडायला काहीतरी, आणि तिसरं जेवण लांबवायला चोखायला काहीतरी. मटण ही तीन कामं करत होतं. ते रजेवर गेलं, तर तिन्ही कामांवर बदलीचे गडी नेमायला हवेत.

रविवारी तिनं कडूबाला पिशवी दिली. "काटेरी वांगी आना न् शेवगा. पारखून आना, दुसऱ्या कुनाला जमत नाय त्ये."

कडूबा छावणीत वांगी दाबून दाबून भाजीवालीचा जीव खात होता, तेव्हा इकडे द्वारकाबाईनं विस्तवावर कांदा काळा होईस्तोवर भाजला. सुकं खोबरं, तीळ, लसूण, वर तिचा काळा मसाला. वाटण तेच, रविवारचं. बेसनाचं पीठ घट्ट शिजवून, ताटात थापून तिनं त्याच्या जाड वड्या पाडल्या. वांग्याच्या फोडी आणि शेवग्याच्या बोटभर शेंगा रश्शात सोडल्या. डॉक्टरनं नेमून दिलेलं तेल निम्मं मागे ठेवलं आणि शेवटी मसाला घालून वरून सोडलं. तर्री आली.

कडूबा दारातच थांबला. नाक वर केलं. काही विचारायची लाज वाटली, म्हणून न विचारता पाटावर बसला. भाकरी चुरली. वडी तोडली.

"ह्ये काय?"

"पुठ्ठा."

"आन् ह्ये लांबडं?"

"चोखा."

त्यानं चोखलं. चोथा ताटाच्या कडेला ठेवला, दुसरी शेंग उचलली. हळूहळू कडेला ढीग झाला, जसा एरवी हाडकांचा व्हायचा. मग त्यानं वाटी पुढे केली. "रस्सा हाय?"

त्या घरात दुसऱ्यांदा रस्सा मागणं हीच शाबासकी. द्वारकाबाईनं वाढला आणि पाठ फिरवून हसली.

मग बुधवारी कुळथाचे शेंगोळे, शुक्रवारी रश्शात सोडलेल्या बेसनाच्या डुबुकवड्या, कधी भाजून दळलेल्या येसराची आमटी. कडूबा "मटणावानी नाय" म्हणायचा आणि ताट पुसून घ्यायचा. हातांना साबणाचा वास पुन्हा आला नाही. आळीतल्या इतर नवऱ्यांनाही डॉक्टर भेटलेच होते. त्यांच्या बायका द्वारकाबाईकडे येऊ लागल्या. ती एकच सांगे, "समदं येकदम काढून घेऊ नका. लेकराचं दूध तोडतानी कसं करता? रस्सा त्योच ठिवा. फोडी तेवढ्या बदला."

वर्षभरानं लासूर स्टेशनला कडूबाच्या चुलतभावाच्या नातवाचं जावळ निघालं. मांडवभर खारी पंगत, आणि कडेला माळकऱ्यांची छोटी गोडी पंगत. कडूबा तिथे छाती काढून बसला होता. शेजारी व्याही काकासाहेब, गळ्यात माळ.

"सोडलं का हो कडूबा?"

"सोडलं म्हंजे सोडलं. मानसानं मनावर घ्यायला पायजे."

"वा! मर्दाचं काम हाय हे."

समोरच्या ओळीत द्वारकाबाई बसली होती. घरधनीण आवडाबाई रश्शाची बादली घेऊन आली आणि थबकली. "वैनी, तुमी हिकडं काऊन? तुमाला कोन मना केलंय? उठा, खाऱ्यात बसा. दादांचं दुखनं दादांना!"

द्वारकाबाईनं ताटावर हात आडवा धरला. "नगं बाई. वरीस झालं, म्या बी खात नाय."

"काऊन?"

"म्या खाऊन घरात आले, तर वासानं ह्येंचा पाय पुन्हा छावणीकडं वळंल." ती हसली. आवडाबाईही हसली.

कडूबा हसला नाही. त्याचा घास हातातच राहिला. द्वारकाबाईला मटण त्याच्यापेक्षा जास्त आवडायचं, ही गोष्ट त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हती, कारण ती सगळ्यांच्या मागून जेवायची. पण बायको एखादी गोष्ट वर्षभर खात नाही आणि आपल्याला ते लासूरला येऊन कळतं, एवढं त्याच्या ध्यानात आलं.

"खरंय," काकासाहेब अजून तिथेच होते, "मनावर घेनं लई अवघड."

"मनावर तिनं घेतलं, काकासाहेब," कडूबा म्हणाला. खाऱ्या पंगतीतली माणसंही वळून पाहतील अशा आवाजात म्हणाला. "म्या निस्ता जेवलो."

द्वारकाबाईनं पदर कपाळावर ओढला, पण मान खाली घातली नाही.

डॉक्टरच्या औषधाला गुण आला असं गावभर झालं. जीव कडूबाचा राहिला, आणि मर्द म्हणवून घेणंही त्याच्याच वाट्याला आलं होतं, ते त्यानं परत केलं. किंमत भरली ती द्वारकाबाईनं. ती मांडवात ताठ बसून वरणात भाकरी चुरत होती आणि वाढप्याला हाक मारून मीठ मागत होती.